शाळेचे आणि पालिकेचे दप्तर मागायचे कसे? कॅम्प ५ ते बदलापूरच्या रहिवाशांसाठी

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले आणि जवळपास दहा तास उठले नाहीत. शहरातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर तिथल्याच कंत्राटी सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार होती, आणि ती तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले होते. पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला आणि त्याच्यावरचा खटला पूर्ण होण्याचा प्रश्नच उरला नाही. शाळेचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाची ओळख पटेल असा तपशील माध्यमांत देता येत नाही आणि त्यात शाळेचाही उल्लेख आहे. समाजमाध्यमांवर फोटो फिरवणाऱ्या आपल्या तरुणांनीही हे लक्षात ठेवावे.

आंदोलनाच्या दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, शासनाने शाळांसाठी निर्णय काढला. महिनाभरात सीसीटीव्ही बसवा, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासून घ्या, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती नेमा. वाचून बरे वाटते. पण तक्रारपेटीचे परिपत्रक ५ मे २०१७ चे आहे आणि सखी सावित्री समितीचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा. म्हणजे आदेश आधीपासून होते. आपल्या मुलांच्या शाळेत ते पाळले जातात का, हे लेखी विचारणारे कोणी नव्हते किंवा फार थोडे होते.

आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव दप्तरात होता, आणि तळ्यावर अस्पृश्यांना पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर नगरपालिकेने तोच ठराव मागे घेतला हेही विसरू नये. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला, कारण विरोधकांना आपली ‘अनादी वहिवाट’ पुराव्याने सिद्ध करता आली नाही. नगरपालिकेच्या एका ठरावासाठी तेरा वर्षे लागली. आजच्या शाळा समितीसाठी आणि पालिकेच्या कागदासाठी इतकी लागू नयेत, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

आपला कारभार कोणाकडे

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात गेलेल्या असतात, म्हणून आधी हे. कॅम्प ५ उल्हासनगर महानगरपालिकेत येतो. हद्दीला लागून अंबरनाथ नगरपरिषद आणि पुढे कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची सुमारे २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची सुमारे १ लाख ७४ हजार होती. आज ती बरीच वाढलेली आहे. आमदारकीचे नकाशे आणखी वेगळे. उल्हासनगरचा काही भाग अंबरनाथ या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात मोडतो आणि बदलापूर मुरबाड मतदारसंघात. त्यामुळे नळ, कचरा किंवा पालिकेच्या शाळेची तक्रार घेऊन लोक अंबरनाथच्या आमदाराच्या कार्यालयात जातात आणि तिथून उल्हासनगर मुख्यालयाकडे परत पाठवले जातात. आमदाराकडे जरूर जावे, पण अर्जावर पोच पालिकेची हवी.

दुसरी गोष्ट प्रशासकांची. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपली, उल्हासनगरची २०२२ मध्ये. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, आणि निवडणुका लांबत गेल्या. दोन्ही नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये आणि उल्हासनगरचे १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या काळात अर्थसंकल्प, निविदा, रस्त्यांची कामे, सगळे प्रशासकाच्या सहीने. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरकरांना जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. आता लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. त्या वर्षांतली बिले आणि कामांच्या नोंदी पालिकेत आहेत आणि त्या पाहण्याचा हक्क आपल्याला आहे.

शाळा कोणत्या प्रकारची, हे आधी ओळखा

शाळेत पालकांना किती बोलता येईल हे शाळेच्या प्रकारावर ठरते. पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा, खासगी अनुदानित, खासगी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, आणि अल्पसंख्याक दर्जाची शाळा असे ढोबळ गट आहेत. उल्हासनगरात शेवटचा गट महत्त्वाचा. हे शहर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वाढले, आणि भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांच्या शाळा इथे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा निकाल दिला. त्यामुळे अशा शाळेत २५ टक्के मोफत प्रवेश मागितला तर नकार मिळतो आणि तो कायद्यात बसतो. मात्र दर्जा खरोखर आहे का, हे प्रमाणपत्र मागून पाहावे. तोंडी सांगण्यावर परत फिरू नये.

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून शाळेची माहिती यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते: व्यवस्थापन कोणाचे, शिक्षक किती, पट किती, मुलींची स्वच्छतागृहे किती. ही माहिती शाळेनेच भरलेली असते. स्वच्छतागृहांचा भरलेला आकडा आणि प्रत्यक्षात कुलूप नसलेली दारे यांची तुलना पालकांनी एकदा करून पाहावी.

शाळा व्यवस्थापन समिती

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती बंधनकारक आहे. तिचे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ त्यापुढची आहे: वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व. शाळेतली निम्मी मुले बौद्ध वस्तीतली असतील आणि समितीत त्यांचा एकही पालक नसेल, तर ती समिती कायद्याप्रमाणे झालेली नाही. अध्यक्ष पालकांतूनच होतो. मुख्याध्यापक सचिव असतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे बैठक दर महिन्याला व्हायला हवी.

प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. जूनमध्ये एका दुपारी सह्यांचा कागद फिरतो, ‘ताई, इथे सही करा’ असे सांगितले जाते, आणि सही करणाऱ्या बाईला आपण समितीच्या सदस्य झालो हे पुढच्या जूनपर्यंत कळत नाही. धुणीभांडी किंवा जीन्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या आईला दुपारी दोनची बैठक जमत नाही, हे शाळेलाही माहीत असते. यावर उपाय साधा आहे. बैठकीची वेळ सकाळी शाळा भरताना किंवा शनिवारी ठेवा अशी लेखी मागणी करता येते, आणि आधीची इतिवृत्ते वाचून मगच सही करता येते. सही नाकारणे हा अपमान नाही.

समितीची खरी ताकद पैशात आणि आराखड्यात आहे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मंजूर होते: १०१ ते २५० विद्यार्थ्यांसाठी ५० हजार रुपये, २५१ ते १००० साठी ७५ हजार, त्यावर एक लाख. त्यातला किमान दहा टक्के खर्च स्वच्छतेवर अपेक्षित आहे. रक्कम मोठी नाही, आणि ती वेळेवर येत नाही अशी मुख्याध्यापकांची तक्रारही खोटी नसते. तरी या वर्षी किती आले, कशावर खर्च झाले, पावत्या कुठे, हे तीन प्रश्न समितीच्या प्रत्येक सदस्याने विचारायचे असतात. पोषण आहाराचेही तसेच. खिचडी मुलांच्या आधी कोणी चाखली, त्याची नोंदवही कुठे आहे, हे विचारावे. शिक्षकांशी भांडण काढण्याची गरज नाही. बहुतेक वेळा शिक्षकही याच व्यवस्थेत अडकलेले असतात, आणि जागी असलेली समिती त्यांना वरिष्ठांसमोर आधार वाटते.

आता सखी सावित्री समिती. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती असून तिच्यात शिक्षक, पालक, अंगणवाडी सेविका, समुपदेशक आणि विद्यार्थी प्रतिनिधी अपेक्षित आहेत. विचारण्याचे प्रश्न: नावांची यादी दर्शनी भागात लावली आहे का? तक्रारपेटी शेवटची कोणत्या तारखेला, कोणासमोर उघडली? सीसीटीव्हीचे चित्रण कोण आणि कधी पाहते, किती दिवस साठवते? कंत्राटदारामार्फत आलेल्या शिपाई, सफाई कामगार आणि बसचालकांची पोलीस पडताळणी झाली का? मुलींच्या स्वच्छतागृहाकडे महिला कर्मचारी आहे का? शेवटचे दोन प्रश्न बदलापुरात कोणी आधी विचारले असते तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण ते विचारायला पैसे लागत नाहीत. आणि अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर शाळेने ‘आधी आपसात चौकशी करू’ म्हणणे हा गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

खासगी शाळेत पालकाला काय अधिकार

विनाअनुदानित शाळेला वरची व्यवस्थापन समिती लागू नाही. तिथे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ आहे. त्याप्रमाणे प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सदस्य असतो आणि शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा. कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात. शाळेच्या मर्जीतली पाच नावे परस्पर जाहीर होत असतील, तर ‘सोडत कधी झाली’ असे लेखी विचारावे. समितीत निम्म्या महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गीयांतून एक सदस्य असतो. फीवाढीचा प्रस्ताव शाळेने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. पुढे दाद मागणे मात्र २०१८ च्या दुरुस्तीने अवघड केले आहे, कारण त्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. आमच्या मते ही अट शाळांच्या सोयीची आहे. ती बदलेपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटाचा उपयोग सुप्रभातचे फोटो पाठवण्यापलीकडे करावा लागेल.

२५ टक्के प्रवेशांबाबत एक ताजा इतिहास. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या प्रवेशांतून सूट दिली. उल्हासनगरसारख्या दाट शहरात याचा अर्थ योजना जवळपास बंद, असाच होता. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. अनुसूचित जातीच्या कुटुंबाला या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र लागतो. ‘बौद्ध लिहिले आहे, मग सवलत कशी’ असे एखादा कारकून अजून विचारतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही लागू आहेत, त्यामुळे हा प्रश्न संपलेला आहे. दाखला मार्चपर्यंत हातात ठेवावा, जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नये.

पालिकेत

खेड्याला ग्रामसभा आहे. शहराला तसे काही नाही, अशी समजूत आहे, आणि ती बरीचशी खरी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. उल्हासनगरात त्या आहेत. अंबरनाथ आणि बदलापूर २०११ च्या आकड्यांनी त्या मर्यादेत येत नाहीत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे प्रभाग समितीवर समाजकार्य करणाऱ्या बिगर सरकारी आणि वस्तीपातळीच्या संस्थांतून तीनपर्यंत सदस्य घेता येतात. या जागा कशा भरल्या जातात, कोणाची नावे येतात, हे विचारण्याची वेळ आता नवे सभागृह आल्यावर आहे. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्र सभेची तरतूदही घातली गेली, मतदारयादीतल्या सगळ्या लोकांची सभा. कोणी अशी सभा भरलेली पाहिली असेल तर आम्हाला कळवावे, छापू.

जे चालते ते सांगतो. महासभा सर्वसाधारणपणे लोकांसाठी खुली असते, गॅलरीत बसता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महानगरपालिकेत लोकशाही दिन असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. अर्थसंकल्पात पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी आणि पाच टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. तरतूद किती आणि खर्च किती, या दोन आकड्यांतले अंतर दरवर्षी मार्चनंतर मागावे. वस्ती सुधारणेचा निधी आपल्या वस्तीत पडला की कुठल्या तरी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकमध्ये गेला, हे कामाच्या आदेशावरच्या पत्त्यावरून कळते.

कॅम्प ५ च्या लोकांना कागद किती जिवावरचा असतो हे सांगायला नको. खडी मशीनच्या कचराभूमीचा धूर ते रोज पाहतात. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने उल्हासनगरातल्या ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, शासनाने २००६ मध्ये त्या नियमित करण्याचा खास कायदा केला, आणि नियमितीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून बारा माणसे गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प ५ मध्येच आणखी चार. धोकादायक इमारतींची यादी पावसाळ्यापूर्वी पालिका जाहीर करते. आपल्या इमारतीचे नाव कोणत्या प्रवर्गात आहे, संरचनात्मक तपासणीचा अहवाल कोणत्या अभियंत्याचा आहे, तो मागून वाचावा.

माहितीचा अर्ज

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्रात त्याआधीच स्वतःचा कायदा होता. अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. कारण सांगावे लागत नाही, आणि विचारले तरी सांगू नये. तीस दिवसांत उत्तर, जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयात वरच्या अधिकाऱ्याकडे, नंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प. आयोगाकडे प्रकरणांचा ढीग आहे, म्हणून पहिल्याच अर्जात प्रश्न नेमका हवा. ‘शाळेच्या कारभाराची सर्व माहिती द्या’ असे लिहिले की काही मिळत नाही. ‘जून २०२५ ते मार्च २०२६ मधील शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती’ असे लिहिले तर नकार देणे कठीण जाते.

विनाअनुदानित शाळा थेट उत्तर देणार नाही. पण कायद्याच्या कलम २(फ) प्रमाणे सरकारी अधिकाऱ्याला खासगी संस्थेकडून जी माहिती घेता येते ती आपणही त्या अधिकाऱ्यामार्फत मागू शकतो. म्हणून अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावा: अमुक शाळेने पालक-शिक्षक संघाची आणि पोलीस पडताळणीची सादर केलेली माहिती. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक कडक झाला आहे, त्यामुळे कर्मचाऱ्यांची नावे नाकारली जातील. संख्या, तारखा आणि पडताळणी झाली की नाही एवढे मागावे.

अर्ज न करताही एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुण्याच्या महापालिकेने हे २००९ मध्येच सुरू केले होते. ‘साहेब नाहीत’ हे उत्तर मिळेल. तेव्हा शासन निर्णयाची प्रत पुढे करावी आणि नाकारल्याचे लिहून मागावे.

एकट्याने जाऊ नये. तळेगावच्या सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. ते जमिनीच्या व्यवहारांची माहिती मागत होते. अर्ज नागरिकाच्याच नावाने करावा लागतो, मंडळाच्या नावाने चालत नाही, पण एकाच विषयावर वस्तीतल्या पाच-सात जणांनी वेगवेगळे अर्ज करायला कोणाची हरकत नाही. त्यात दोन-चार महिलांची नावे असावीत. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसून अर्ज लिहिता येतात. कोणत्या शाळेच्या समितीची बैठक कधी आहे ते फळ्यावर लिहिता येते आणि आलेली उत्तरे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावता येतात. फाइल विहारातच ठेवावी, कोणाच्या घरी नको.